वैशाखातल्या माळावर किडे ओळखताना

श्रोतेहो, नमस्कार.

वैशाखात माळ करपून जातो, कुसळी गवत पायाला टोचतं. पण रुई मात्र हिरवीगार आणि फुललेली असते. ऊन तापायच्या आत, सकाळी सातच्या सुमारास, तिच्यापाशी जाऊन उभे राहा. गारव्यात किडे सुस्त असतात, निवांत पाहता येतात.

पिवळ्या-निळ्या पट्ट्यांचा देखणा नाकतोडा रुईच्या पानांवरच वाढतो. तिच्या चिकातलं विष तो अंगात साठवतो आणि भडक रंगानं पक्ष्यांना 'मला खाऊ नका' असं बजावतो. त्याच्या पिल्लाला चिमटीत धरू नका, ते अंगातून पिचकारी मारतं!

त्याच रुईवर काळ्या-पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी दिसेल. तिचं पुढं केशरी फुलपाखरू होतं, तेही विषारी. आता गंमत अशी, की दुसऱ्या एका जातीची मादी हुबेहूब तसाच केशरी वेश घेते. ती स्वतः विषारी नसते, पण पक्षी फसतात आणि तिला सोडून देतात. तिचा नर तर काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा! मग ओळखायचं कसं? मागच्या पंखाच्या मधोमध तीन-चार काळे ठिपके असले, तर ते रुईवरचं खरं विषारी फुलपाखरू. आणि मादी अंडी घालताना सापडली तर प्रश्नच मिटला. नक्कल करणारी रुईवर नाही, आपण जिची भाजी करतो त्या घोळीवर अंडी घालते. म्हणून माझा आग्रह आहे, किड्याच्या रंगाइतकंच त्याच्या झाडाकडेही लक्ष द्या.

मग मिशा पाहा. नाकतोड्याच्या मिशा आखूड असतात, त्याचे कान पोटाच्या बाजूला. त्याच्यासारखाच दिसणारा हिरवा किडा, पण मिशा अंगापेक्षा लांब, तर तो रातकिड्यांचा नातेवाईक. त्याचे कान पुढच्या पायांवर असतात.

झाडाखालच्या भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखे खड्डे असतील, तर तळाशी मुंग्यांची वाट पाहणारी अळी दडलेली असते. तिला पंख फुटले की ती चतुरासारखी दिसते. चतुराच्या मिशा मात्र दिसतील न दिसतील एवढ्याशा, हिच्या ठसठशीत, टोकाला जाड.

फोटो काढाल तेव्हा एक वरून, एक बाजूनं, आणि एक झाडाच्या पानाफुलांचा घ्या. पुढं मृगाच्या पावसात मखमली लाल किडा निघेल, त्याचे पाय जरूर मोजा. आठ भरतील. तो कीटक नाही, कोळ्यांच्या गोतावळ्यातला आहे.