थांब आई, विमान जाऊ दे

सातारा तालुक्यातलं अपशिंगे मिलिटरी. गावाच्या नावातच फौज. पहिल्या महायुद्धात इथले 46 जवान कामी आले.

इथल्या एका घराच्या ओसरीवर दुपारी फोन वाजतो. लेक बोलतेय, पुण्याहून, धानोरीतून. बाळानं आज काय खाल्लं इथवर बोलणं येतं आणि लेक म्हणते, "थांब आई, विमान जाऊ दे." मग नुसती घरघर. आई फोन कानापासून लांब धरते, पण ठेवत नाही. घरघर विरते आणि बाळाचं रडणं ऐकू येतं. आत्ता कुठे झोपलं होतं.

लोहगावचा हवाई तळ 1939 चा. धानोरी, विमाननगर, कळसची दाट वस्ती त्याला कितीतरी वर्षांनी येऊन भिडली. 2002 मध्ये सुखोई-30 एमकेआय हे लढाऊ विमान हवाई दलात दाखल झालं, तेही इथेच. प्रवासी विमानाच्या इंजिनात गरम झोताभोवती कमी वेगाच्या हवेचं जाड वेष्टण असतं, त्यानं आवाज दबतो. लढाऊ विमानाचा झोत फार वेगवान. तो बाहेरच्या स्थिर हवेत घुसतो, तिथे जी खळबळ उडते तिचाच हा आवाज. त्यात आफ्टरबर्नर लागला, म्हणजे बाहेर पडणाऱ्या झोतातच आणखी इंधन जाळलं, की तावदानं थरथरतात.

निवासी भागासाठी नियमातली मर्यादा दिवसा 55 डेसिबल, रात्री 45. पण ती सरासरी. अर्ध्या मिनिटाचा कानठळ्या बसवणारा आवाज दिवसाच्या सोळा तासांवर पसरला की कागदावर बराच खाली उतरतो. बाळ मात्र त्या अर्ध्या मिनिटातच दचकून उठतं.

"घर बघायला रविवारी गेलो होतो," लेक सांगते. "त्या दिवशी एकही विमान उडालं नाही. विकणाऱ्यानं विषयच काढला नाही."

मला हेच सगळ्यात खटकतं. देशाला सराव हवा, धावपट्टी हवी, याबद्दल या घरात दुमत नाही. पण करारावर सही करण्याआधी आवाजाचं लेखी सांगायला हवं. दुहेरी काचेच्या खिडक्याही बांधणाऱ्यानंच द्यायला हव्यात.

आईला आधी हे बोलणं रुचत नव्हतं. तिचे मालक सुभेदार होऊन परतलेले. फौजेच्या आवाजाची तक्रार कसली करायची? मग नातवासाठी ती महिनाभर धानोरीत राहिली.

आता रोज फोनवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो.

"आज किती येळा उठलं गं लेकरू?"

"चारदा."