शाळा सोडण्याचे कारण

अध्यक्ष महाराज, वाचनालयाचे पदाधिकारी आणि मंडळी,

पत्रिकेवर माझा विषय छापलाय, 'आपली चर्चची शाळा : शाळा आधी की चर्च आधी?' नाव मीच दिलंय, त्यामुळे तक्रारीला जागा नाही. उत्तर देणार आहे. पण आधी एका रजिस्टरबद्दल बोलू द्या. ते डोक्यात असताना दुसरं काही सुचत नाही.

शाळा तुम्हाला सांगायला नको. एकच कौलारू खोली, मधे लाकडी पार्टिशन, आढ्याला टांगलेला रुळाचा तुकडा. अलीकडं पहिली-दुसरी, पलीकडं तिसरी-चौथी. रविवारी पार्टिशन सरकवलं की उपासना. इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांनी त्या रुळावर हातोडी मारलेली आहे आणि उरलेल्या निम्म्यांनी ती मारायला मिळाली नाही म्हणून भोकाड पसरलेलं आहे.

तर 2023 चा हिवाळा आठवा. कुणबी नोंदी शोधायची लाट आली आणि ज्या कपाटाकडं तीस वर्षांत पाल सोडून कुणी फिरकलं नव्हतं, त्याच्यापुढं रांग लागली. किल्ली माझ्याकडं. का, तर मी रिटायर झालो तेव्हा परत घ्यायला कुणी आलंच नाही! आत दोन जनरल रजिस्टरं. सुरुवातीची पानं मोडीत. मोडी वाचणाऱ्याला त्या दिवसांत जावयाचा मान होता, आणि मला थोडीफार येते. दोन महिने चहाचे पैसे मी दिले नाहीत.

येणारा प्रत्येकजण एकच रकाना बघायचा. जात. बोट थेट तिथं, मोबाईलवर फोटो, की निघाला. त्यात चूक काही नाही. पोराच्या ॲडमिशनचा प्रश्न असतो. आमच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांचं दुखणं याच रकान्यात, फक्त उलटं. पणजोबांच्या नावापुढं गुरुजींनी सरळ 'ख्रिस्ती' लिहिलं आणि विषय संपवला. 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश निघाला तेव्हा अनुसूचित जातीत धरायचं ते फक्त हिंदूंना असं ठरलं. 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध आले, ख्रिस्ती अजून बाहेरच. तो वेगळा विषय आहे, त्याला वेगळा रविवार लागेल.

मी मात्र बघायचो त्याच ओळीच्या दुसऱ्या टोकाला. 'शाळा सोडण्याचे कारण'. माझं म्हणणं असं, की गावाचा इतिहास लिहायचा तर हा रकाना वरून खाली वाचावा. 'गुरे राखणेस.' 'गुरे राखणेस.' 'लग्न झाले.' ही दुसरीतली मुलगी. मग एका पानावर ओळीनं 'गाव उठले', 'गाव उठले', म्हणजे प्लेग. माणसं माळावर खोपट्या घालून राहिली होती. 1918 च्या मानमोडीत, म्हणजे तापाच्या साथीत, गुरुजींनी कारणच लिहिलेलं नाही, नुसती रेघ मारलीय. अशा सात रेघा आहेत. मग 'मुंबईस गेला' सुरू होतं आणि ते काही थांबत नाही. प्रतिसरकारच्या दिवसांत एकदम 'घरगुती अडचण' वाढते. बाप कुठल्या शेतात लपलाय हे सगळ्या गावाला ठाऊक, पण गुरुजी शाईनं थोडंच लिहिणार? आणि धोम धरणाच्या वेळी सगळं उलटं. पोरं सोडून जायच्या ऐवजी नव्यानं येतात आणि 'पूर्वीची शाळा' या रकान्यात पाण्याखाली गेलेल्या गावांची नावं दिसतात.

एकजण आजोबांची नोंद शोधायला आला होता. सापडली. फोटो काढून निघाला, तर मी म्हटलं, "थांबा की, पुढचं पण ऐका." कारण होतं, 'पायात काही नाही, उन्हाळ्यात येत नाही.' तो गडी खाली बसला. म्हणाला, "आजोबांचं चपलेचं दुकान होतं हो मेढ्याला." पुढं काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवलीय. दहा मिनिटं. बरं.

शाळा आधी की चर्च आधी. भराभर सांगतो. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आलं 1813 ला, नगरला 1831 ला, आणि साताऱ्याचं राज्य 1848 ला खालसा झाल्यावर वर्षभरात, 1849 ला, साताऱ्यात. सुरुवातीला यांची चाल अशी, की आधी शाळा काढायची. पगारावर पंतोजी ठेवायचा, तोही बहुधा हिंदू. पोरं येतील, मागून आईबाप येतील. पोरं आली, आईबाप आले नाहीत. मग 1854-55 च्या सुमाराला हे मिशन चालवणाऱ्या अमेरिकेतल्या बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन जातीनं आले आणि म्हणाले, हा खर्च आवरा. इंग्रजी शाळा बंद, हिंदू पंतोजींच्या शाळा बंद. गावोगाव उपदेश करा आणि मंडळी उभारा. मंडळी म्हणजे तुम्ही नव्हे, ख्रिस्ती मराठीत चर्चला मंडळी म्हणतात! शाळा राहील ती मंडळीपुरती.

हे कोल्हापूरच्या वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पटलं नाही. 1852 पासून तिथं शाळा काढून बसलेला माणूस तो. बोर्डाशी बिनसलं, 1861 ला त्यानं मिशनच्या शाळांवर एक पुस्तकच छापलं आणि स्वतःच्या हिमतीवर कोल्हापुरात परत आला. पुढं ते काम प्रेसबिटेरियनांकडं गेलं. सांगलीची मिशन शाळा आणि मिरजेचा वानलेसांचा दवाखाना त्याच फांदीवरचे. म्हणजे कृष्णेच्या वरच्या अंगाला अँडरसनचा हुकूम आणि खालच्या अंगाला वाइल्डरचा हट्ट. त्यात 1854 लाच विलायतेहून शिक्षणाबद्दलचा वुडचा खलिता आला आणि खासगी शाळांना सरकारी ग्रँट सुरू झाली. ग्रँट हवी तर पट हवा, आणि पट हवा तर माझ्यासारखी माळकऱ्याची पोरं आत घ्यायला हवीत. अँडरसनचं 'मंडळीपुरती' तिथं सुटलं.

आता आपल्या गावात आधी काय? रविवारचे गीतांचे नंबर फळ्यावर खडूनं लिहायचे आणि पुसायचं कुणी लक्षात ठेवायचं नाही. पहिलीत असताना एका सोमवारी मी ते तिन्ही नंबर पाटीवर उतरवून घेतले आणि त्यांची बेरीज करून गुरुजींपुढं धरली. गुरुजींनी फळ्याकडं बघितलं, पाटीकडं बघितलं आणि बरोबरची खूण केली. तेव्हा आधी काय आणि मागून काय, ते तुमचं तुम्ही ठरवा.

झालंच. एक निवेदन राहिलं. दोन रजिस्टरांपैकी एक त्या हिवाळ्यात एका कचेरीनं स्कॅन करायला म्हणून नेलं, पोच न देता. मी अकरा हेलपाटे घातले. साहेब बदलले, कपाट बदललं, रजिस्टर काही दिसत नाही. तुमच्यापैकी कुणाची पोरं-सुना तिथं कामाला असतील तर जरा बघायला सांगा. लाल कापडी पुठ्ठा आहे, आणि कोपरा उंदरानं खाल्लेला.