शेरीनाल्याच्या पाण्याचं पुढे काय?

सांगलीकर श्रोतेहो, नमस्कार. सकाळी आंघोळी, धुणंभांडी उरकतात आणि नळाला आलेल्या पाण्यातलं साधारण 80 टक्के पाणी पुन्हा गटारात, आपल्या शेरीनाल्यासारख्या सांडपाण्याच्या नाल्यात जातं. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात दिवसातला मोठा लोंढा येतो तो या वेळी.

तिथं आधी जाळ्या लागतात. चिंध्या, केस, प्लॅस्टिकच्या पिशव्या, सगळं तिथं अडकतं. पुढच्या हौदात पाण्याचा वेग कमी करतात, वाळू खाली बसते.

खरं काम त्यानंतरच्या टाकीत. तपकिरी पाणी, खालून सतत हवेचे बुडबुडे. या पाण्यात जिवाणू असतात, अब्जावधी, आणि आपली घाण हे त्यांचं अन्न. नदीतही तेच जिवाणू राबतात. पण घाण फार झाली की ती खाताना ते पाण्यातला सगळा प्राणवायू संपवतात, मग मासे तडफडून वर येतात. केंद्रात यंत्रानं हवा पुरवून तेच काम काही तासांत उरकतात. पुढच्या हौदात जिवाणूंचा गाळ तळाशी बसतो. त्यातला थोडा परत टाकीत सोडतात, दह्याचं विरजण राखावं तसा. बाकीचा वाळवून त्याचं खत करता येतं. वरचं नितळ पाणी क्लोरिन देऊन सोडतात.

हे जिवाणू जिवंत माणसांसारखेच नाजूक आहेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. वीज गेली, हवा थांबली, की ते गुदमरतात. मोरीत ॲसिड ओतलं की मरतात.

आपला शेरीनाला वर्षानुवर्षं कृष्णामाईत मिसळत आला. ते पाणी उपसून धुळगावला न्यायचं, शुद्ध करायचं आणि शेतीला द्यायचं, अशी योजना त्यासाठीच आखली गेली. उसाला, भाजीला पाणी हवंच आहे. आणि जे नदीत जातं ते हरिपूर, अंकली, मिरजेचा कृष्णाघाट करत नरसोबाच्या वाडीला पोचतं. तिथं लोक ओंजळीत घेतात ते हेच पाणी.

माझ्या माउल्यांनो, भावांनो, या जिवाणूंसाठी, नदीसाठी आजपासून एक करा. तळणीचं तेल मोरीत ओतू नका, गार झालं की बाटलीत भरून ठेवा. कढई आधी जुन्या कागदानं पुसा, मग धुवा.