घरच्यासारखं, पण कुणाच्या घरच्यासारखं?

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्यात सदाशिव पेठेत आमचं लहानसं दुकान आहे. भाजणी, मेतकूट, मसाले, सांडगी मिरची, कुरडया, कोकमाचं आगळ, लाडू, चकल्या असा सगळा पुड्यांतला माल. सासऱ्यांनी सुरू केलेलं. गेली एकोणीस वर्षं गल्ल्यावर मी बसते. हल्ली हिशेब काय, यंत्रच करतं. माझं खरं काम ऐकण्याचं. पुडा उचलणारं गिऱ्हाईक पैसे देताना काही ना काही बोलतंच, आणि आठ दिवसांनी परत आलं की आणखी बोलतं. त्या बोलण्याविषयीच आज थोडं सांगणार आहे.

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमच्या मागच्या वाड्यातल्या एक आजी आल्या. हातात थालीपीठ भाजणीचा अर्ध्या किलोचा पुडा, फोडलेला, तोंडाला रबर लावलेलं. गल्ल्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, ही भाजणी नव्हे. हे पीठ आहे."

मी म्हटलं, "आजी, नेहमीच्याच काकूंकडची आहे. वर्षानुवर्षं तुम्ही हीच नेता."

त्यांनी रबर काढलं, चिमूटभर भाजणी माझ्या तळहातावर ठेवली आणि अंगठ्याने चोळायला सांगितलं. "दाणा लागतोय का हाताला?" नव्हता लागत. मैद्यासारखी सरकत होती. "आता वास घे. धने कुठायत?" वास होता तो नुसता भाजल्याचा, थोडा करपट. आजी म्हणाल्या, "एकत्र भाजलीय सगळी धान्यं."

ही भाजणी करून देणाऱ्या काकूंना मी फोन लावला. आधी त्या नाही म्हणाल्या, मग गप्प झाल्या, मग खरं सांगितलं. नेहमीची गिरणी महिनाभर बंद होती, दुसऱ्या गिरणीवाल्याने बारीक दळून दिलं. श्रावणाची मागणी तोंडावर आलेली, हाताखालची बाई रजेवर. म्हणून तांदूळ, ज्वारी, बाजरी आणि डाळी वेगवेगळ्या न भाजता दोन घाण्यांत उरकल्या. ज्यांनी घरी भाजणी केली असेल त्यांना कळेल यात काय बिघडतं. तांदळाला वेळ लागतो, उडदाची डाळ लगेच रंग धरते, धने तर शेवटी नुसत्या तापल्या कढईत परतायचे. सगळं एकदम टाकलं की एक कच्चं राहतं नि दुसरं करपतं. धने आधीपासून कढईत असले तर त्यांचा वास तिथेच उडून जातो.

त्या लॉटचे चाळीस पुडे गेले होते. तक्रार आली एकच, आजींची. बाकी एकोणचाळीस घरांत काय झालं? कुणी म्हणालं असेल, "यंदा थालीपीठ चिकट होतंय." कुणी तव्याला दोष दिला असेल. काहीजण पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानात गेले असतील, तेही काही न बोलता. आमच्या धंद्यात याचीच भीती असते. भांडणारं गिऱ्हाईक परवडतं.

आता दुकानात सगळ्यांत जास्त ऐकू येणाऱ्या शब्दाकडे येते. "घरच्यासारखं." चकली घरच्यासारखी आहे का? लाडू घरच्यासारखे नाहीत. मेतकूट अगदी घरच्यासारखं! सुरुवातीला मला हे कौतुक वाटायचं. मग लक्षात आलं की प्रत्येकाच्या डोक्यातलं घर निराळं असतं. कोकणातल्याला चकलीत तांदूळ जास्त हवा, देशावरच्याला भाजणीची खमंग हवी. लाडवात वेलदोडा की जायफळ, यावर तर आमच्या दुकानात नवरा-बायकोची जुंपलेली मी पाहिलीय. त्यात ज्याची आई गेलेली आहे त्याच्याशी वाद घालायचाच नाही. तिथे कुठलाच पुडा पास होत नाही, आणि होऊही नये.

या शब्दाने एकदा चांगलीच फजिती झाली. सोलापूरकडचे एक गृहस्थ नोकरीनिमित्त नव्याने पुण्यात आलेले. काळा मसाला घेऊन गेले, तिसऱ्या दिवशी परत. "वहिनी, काय दिलंत हे? आमटी गोड झाली." त्यांचं काही चुकलं नव्हतं. पुण्यातल्या कितीतरी घरांत गोड्या मसाल्यालाच काळा मसाला म्हणतात. त्यात धने, तीळ, खोबरं, दगडफूल, नागकेशर, मिरची नावापुरती. सोलापूरच्या काळ्या मसाल्यात मिरची झणझणीत, वर कांदा-लसूण. नाव एक, डबे दोन. तेव्हापासून त्या पुड्यावर आम्ही "काळा (गोडा)" असं छापतो आणि शेजारी सोलापुरी काळा मसालाही ठेवतो. आगळाचंही तसंच. कुणी तरी आगळात साखर-पाणी घालून सरबत केलं आणि "खारट निघालं" म्हणून बाटली परत आणली. आगळ हा कोकमाचा मीठ घातलेला रस, सोलकढीसाठी. सरबताला साखरेत मुरवलेलं अमृतकोकम लागतं. बाटलीवर मात्र आम्ही नुसतं "कोकम आगळ" लिहिलेलं. चूक आमचीच.

आणि गंमत बघा. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने 2018 साली जाहिराती आणि दाव्यांचे नियम आणले. ग्राहकाची दिशाभूल होईल असे "होम मेड", "होम कुक्ड" यांसारखे शब्द वापरू नयेत, असं त्यांत म्हटलंय. आमच्या धंद्यात निम्म्या पुड्यांवर "घरगुती" लिहिलेलं असायचं. मी स्वतः काकूंच्या भाजणीवरचं "घरगुती" काढून टाकलं. भाजणी होते घरातच, पण चार बायका, मोठी कढई आणि बाहेरची गिरणी, हे सगळं आल्यावर त्याला घर म्हणायचं की कारखाना, हे ठरवणारी मी कोण?

खरोखर घरात होणाऱ्या मालाला मात्र कुणी घरच्यासारखं म्हणत नाही. लिज्जत पापड बघा. 1959 साली गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेलं काम. पीठ केंद्रावर मळतात, बायका ते घरी नेऊन पापड लाटतात आणि वाळवून परत आणून देतात. म्हणजे तो पापड कुणाच्या ना कुणाच्या घरातच लाटलेला असतो. पण माझ्याकडे आजवर कुणी म्हणालं नाही, "लिज्जत घरच्यासारखा आहे." लोक म्हणतात, "लिज्जतसारखा आहे का?" तिथे मोजमापच उलटं झालंय.

दुसरी नेहमीची तक्रार हवेची. "पिशवी एवढी फुगलेली, आत चिवडा मूठभर. हवा विकता का?" यात गिऱ्हाईक अर्धं बरोबर असतं. मोठ्या कारखान्यांच्या फुगलेल्या पिशवीत बहुतेकदा नायट्रोजन असतो. तळणीच्या तेलाला हवेतला ऑक्सिजन लागला की ते खवट होतं. नायट्रोजन भरला की माल जास्त टिकतो, आणि प्रवासात चकली मोडतही नाही. आमच्या काकूंची चकली नुसत्या सीलबंद पिशवीत येते, म्हणून ती महिनाभरात संपवायची. ती फुगलेली नसते, मोडते जास्त. आणि "चुरा दिलात" ही तक्रार मग आम्ही ऐकतो! त्यामुळे पिशवीच्या आकारावर जाऊ नका. वजन बघा. हल्ली पुड्यावर एका ग्रॅमला किंवा किलोला किती पडतात तेही छापावं लागतं. एकशेऐंशी ग्रॅमचा पुडा नव्वद रुपयांना म्हणजे ग्रॅमला पन्नास पैसे. शेजारचा दोनशे ग्रॅमचा एकशेदहाला म्हणजे पंचावन्न. बारीक अक्षरात असतं, पण असतं.

बारीक अक्षरांवरून आठवलं. पाच-सहा वर्षांत गिऱ्हाइकांचा एक नवा वर्ग आलाय. ही तरुण मुलं पुडा उलटा धरतात. पुढचं चित्र बघतच नाहीत, मोबाइलने मागच्या बाजूचा फोटो काढून मोठा करून वाचतात. आधी मला राग यायचा, वाटायचं आमच्यावर विश्वास नाही. मग एका मुलीने मलाच शिकवलं. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं. त्या सुमाराला नाचणीचं काहीही खपायचं, आम्हीही एकाकडून नाचणीची बिस्किटं ठेवली होती. पुढे नाचणीचं कणीस, तपकिरी रंग, हिरवी पानं. ती मुलगी मागचं वाचून म्हणाली, "काकू, यात पहिला मैदा आहे, मग साखर, मग पामतेल, आणि नाचणी चौथी." घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे असतात, हे मला ऐकून माहीत होतं, पण आपल्याच फडताळातला पुडा मी कधी उलटा करून वाचला नव्हता. शिवाय ज्या घटकाचं नाव किंवा चित्र पुढे मिरवायचं, तो किती टक्के आहे तेही लिहावं लागतं. तिने बोट ठेवून दाखवलं. टक्केवारी इतकी कमी होती की ती बिस्किटं मी त्याच आठवड्यात परत पाठवली. बिस्किटवाला भांडला. त्याचं म्हणणं, "चवीला कुणी नाव ठेवलंय का?" नव्हतं ठेवलं, हेही खरं. चव छानच होती, मैद्याची आणि साखरेची असते तशी.

पण वाचणारेही चुकतात. आकडे दिसले की घाबरतात. एक सद्गृहस्थ लोणच्याची बाटली "यात 330 आहे, रसायन आहे" म्हणून खाली ठेवून गेले. आयएनएस हा खाण्यात मिसळायच्या घटकांना दिलेला आंतरराष्ट्रीय क्रमांक, आणि त्यातला 330 म्हणजे सायट्रिक ॲसिड, लिंबात असतं तेच. त्याच बाटलीवरचं मिठाचं प्रमाण मात्र त्यांनी वाचलं नाही, आणि त्यांच्या हातात रक्तदाबाच्या गोळ्यांची पिशवी होती. आणि "प्रिझर्व्हेटिव्ह नाही" असं मोठ्या अक्षरात लिहिलेल्या लोणच्याचं म्हणाल, तर मीठ नि तेल दुसरं काय करतात? आपल्या आज्यांनी वर बोटभर तेल राखायला सांगितलं ते कशासाठी?

एक प्रसंग मात्र मी अजून विसरलेले नाही. जर्मनीत राहणारी एक मुलगी सुट्टीला आली होती. तिला गव्हाचं वावडं, म्हणजे ग्लुटेन चालत नाही, पोटात घेतलं की आठवडाभर आडवी. आमच्याकडे बिनगव्हाचं मेतकूट मिळतं असं तिला कुणी सांगितलं होतं. मी काकूंना विचारून खात्री केली, गहू घातलेला नाही. पैसे घेणार एवढ्यात ती म्हणाली, "हिंग कुठला वापरतात?" बाजारातला बांधानी हिंग नुसता हिंग नसतो. हिंगाचा चीक उग्र, म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळतात, बहुतेक वेळा गव्हाचं. काकू तोच वापरत होत्या. पुड्यावर फक्त "हिंग" असं लिहिलेलं. वावड्याचे पदार्थ वेगळे लिहायचा नियम आहे, पण काकूंनाही सुचलं नाही आणि मलाही. ती मुलगी रिकाम्या हाती गेली. जाताना रागावली वगैरे नाही, उलट म्हणाली, "तुम्ही विचारलंत तरी." मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही. आता त्या पुड्यावर "हिंग (गव्हाचं पीठ असलेला)" असं येतं. ते वाचून दोन गिऱ्हाइकं म्हणाली, "हिंगात गहू? भेसळ करता की काय!"

काय करणार.

गल्ल्याशेजारी आम्ही एक बशी ठेवतो, चव बघायला. त्या बशीवरचं मत आणि घरून आलेलं मत कधी जुळत नाही. उभ्याउभ्या चकलीचा तुकडा तोंडात टाकणारा म्हणतो, "वा, कुरकुरीत!" आणि चार पुडे नेतो. घरी तीच चकली चहाबरोबर सावकाश खाल्ली की मीठ जास्त वाटतं. तिखट-खारट माल बशीवर नेहमी जिंकतो, मेतकूट नेहमी हरतं. नुसतं मेतकूट चाटून कोण काय सांगणार? त्याला मऊ भात हवा, वर तूप हवं, आणि खरं सांगायचं तर थोडा ताप आलेला हवा. म्हणून बशीवरून कुठल्या मालाची मागणी किती करायची ते मी ठरवत नाही. मी वाट बघते ती "मागच्या खेपेला..." असं म्हणत आत येणाऱ्या माणसाची. मागच्या खेपेला जाडी कमी होती, मागच्या खेपेला तळाशी ओलं होतं, मागच्या खेपेला ओवा जाणवत होता. असं बोलणं मी वहीत लिहून ठेवते, तारीख आणि लॉट घालून. नुसतं "छान" आणि नुसतं "बेकार" लिहीत नाही, त्याचं करायचं काय?

आता त्या आजींचं सांगते आणि थांबते. त्या दिवशी मी त्यांना पैसे परत देऊ लागले तर घेईनात. म्हणाल्या, "अर्धी खाल्लीय की मी." काकूंनी जुनी गिरणी सुरू झाल्यावर नवा लॉट दिला, वेगवेगळं भाजून, भरड दळून. मी एक पुडा आजींकडे पाठवला. चौथ्या दिवशी आजी स्वतः आल्या, काठी टेकत. गल्ल्यावरच्या बशीतली चकली नेहमीप्रमाणे नाकारली, कारण दात नाहीत. मग म्हणाल्या, "दाणा आलाय. धने अजून मूठभर हवेत, सांग तिला. आणि दोन पुडे दे, लेक यायचीय नागपूरहून."

काकूंना मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "आजींना म्हणावं, धने किलोला कितीला झालेत ते विचारा आधी." मंगळवारी नवा लॉट यायचाय.

नमस्कार.