परवडणारी वाइन कुठे पिकते

(दृश्य: नाशिक जिल्ह्यातला दिंडोरी तालुका. फेब्रुवारीतली पहाट. डोक्याला बॅटऱ्या लावून तोडणी सुरू.)

वाइनच्या द्राक्षांची तोडणी उजाडायच्या आधी सुरू होते. ऊन चढलं की घड तापतात आणि रस टाकीत पोचायच्या आधीच आंबायला लागतो. म्हणून क्रेट भरायचे, ट्रॅक्टरवर चढवायचे आणि सकाळच्या गारव्यातच वायनरीत पोचवायचे.

ही जात शेनिन ब्लाँ. खायच्या थॉमसन किंवा सोनाकासारखी नाही. मणी लहान, घड गच्च, आत बी. बागायतदार एक मणी चिमटीत दाबतात, रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर सोडतात आणि नळी उजेडाकडे धरून डोळा लावतात. बावीस ब्रिक्स. ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप. साखर भरली. पण खरी परीक्षा आंबटपणाची असते. उष्ण मुलखात साखर झपाट्याने चढते आणि आंबटपणा तितक्याच झपाट्याने उतरतो. मग वाइन बेचव, बसकी होते. शेनिन ब्लाँ उन्हातही आपला आंबटपणा सहजी सोडत नाही. नाशिकची वाइन कमी पैशात चांगली का मिळते, याचं अर्धं उत्तर या एका गुणात आहे.

उरलेलं अर्धं छाटणीत. युरोपात हिवाळ्यात वेल झोपतो. आपल्याकडे तो झोपतच नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटावा लागतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पाऊस ओसरताना गोडी छाटणी. त्यामुळे फळ पावसात सापडत नाही, थंडीत पिकतं. निफाडचा पारा किती उतरला ही बातमी आपण दर हिवाळ्यात वाचतो. त्याच गार रात्री द्राक्षाला हळूहळू पिकू देतात.

(दृश्य: स्टीलच्या उंच टाक्या. बाहेरून गार पाणी फिरतंय.)

वायनरीत बघा, या वाइनसाठी ओकच्या लाकडाचं पिंप बहुधा लागतच नाही. रस स्टीलच्या टाकीत थंड ठेवून आंबवतात. थोडी गोडी ठेवायची असेल, तर टाकी आणखी गार करून आंबणं मध्येच थांबवतात. काही महिन्यांत बाटली दुकानात. पिंपांचा खर्च नाही, वर्षानुवर्षं माल अडकून पडत नाही. किंमत खाली राहते ती या कारणांनी. दर्जा कमी म्हणून नव्हे.

2000 साली नाशिकच्या सुला वायनरीची पहिली वाइन बाजारात आली, तेव्हा तिच्यात शेनिन ब्लाँ होती. 2001 मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि इथल्या द्राक्षांच्या वाइनला उत्पादन शुल्कातून सूट दिली. परदेशी बाटलीवर मात्र वर्षानुवर्षं दीडशे टक्के आयात शुल्क राहिलं. म्हणून स्पेनमधली रोजच्या जेवणातली साधी वाइन मुंबईत चैनीची वस्तू होऊन बसते. महाराष्ट्रात राहून हजार रुपयांच्या आसपास खर्च करायचा असेल, तर आमचं मत स्पष्ट आहे: आधी नाशिककडे बघा.

(दृश्य: फ्रान्स, ल्वार नदीचा काठ.)

शेनिनचं माहेर फ्रान्समधल्या ल्वार नदीच्या खोऱ्यात. वूव्रे, सोम्यूर, साव्हेनियेर ही तिची गावं. तिथे तिची कोरडी वाइन होते, गोड होते, फेसाळही होते. शँपेनच्याच पद्धतीने, बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली क्रेमाँ द ल्वार शँपेनपेक्षा कितीतरी कमी दरात मिळते.

पण जगात शेनिनची सर्वाधिक लागवड आज फ्रान्समध्ये नाही, दक्षिण आफ्रिकेत आहे. तिथे तिला स्टीन म्हणत. कित्येक दशकं तिचा बराचसा माल ब्रँडीच्या भट्टीत गेला. स्वार्टलँडच्या कोरड्या टेकड्यांवरच्या जुन्या बागांना कुणी विचारेना. अनेक बागा उपटल्या गेल्या. जुन्या वेलाला घड कमी लागतात, पण रस घट्ट आणि चवदार उतरतो. ज्यांनी हे ओळखून त्या बागा राखल्या, त्यांचे फार मोठे उपकार आहेत. आता पस्तीस वर्षांहून जुन्या बागांच्या वाइनवर लागवडीचं वर्ष छापलेली मोहोर असते. लंडनला किंवा ॲमस्टरडॅमला राहणाऱ्या मंडळींनी दुकानात ती मोहोर जरूर शोधावी.

लाल वाइन हवी असेल, तर अकलूजला चला. इटलीतल्या टस्कनीची सांजोव्हेझे ही द्राक्षाची जात सोलापूर जिल्ह्याच्या उन्हात रुजली आहे. तिची आंबटसर धार तांबड्या रश्श्यापुढेही दबत नाही. आणि परदेशात असाल तर चिलीची कार्मेनेर घ्या. तिकडे कित्येक वर्षं ती मर्लो या दुसऱ्याच जातीची समजून लावली, विकली गेली. 1994 मध्ये एका फ्रेंच तज्ज्ञाने वेल पाहून ओळख पटवली. फ्रान्समधल्या बोर्दोच्या या जुन्या जातीला चिलीत नवं घर मिळालं, आणि बोर्दोचा भाव तिला अजून लागलेला नाही.

(दृश्य: दुकानातली फळी. हात बाटली फिरवून मागचं लेबल वाचतोय.)

दुकानात बाटली फिरवून मागचं लेबल वाचा. आपल्याकडे तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते, त्यामुळे त्या वर्षाची ताजी शेनिन दिवाळीच्या आधीच विकायला आलेली असते. साधी पांढरी वाइन एक-दोन वर्षांच्या आतलीच घ्या. उन्हात, काचेच्या शोकेसमध्ये उभी असलेली बाटली कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. फिरकीचं झाकण पाहून नाक मुरडू नका, ताज्या वाइनसाठी ते उत्तम. थोडी गोडसर शेनिन झणझणीत मिसळीबरोबर, कोरडी असेल तर तळलेल्या बोंबलांबरोबर. पिण्याआधी फ्रिजमध्ये दोन तास पुरतात. लाल वाइनलाही आपल्या उन्हाळ्यात अर्धा तास द्याच.