मॉन्टे कॅसिनो : मूळ पोथी जळाली, नक्कल उरली

(वाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘मॉन्टे कॅसिनो मठाचा इतिहास आणि वारसा’. तो सांगणारच आहे. पण माझं एक म्हणणं आहे, ते आधी तुमच्या गळी उतरवायचंय. जुनी पोथी टिकते ती कोणीतरी वेळेत तिची नक्कल केली म्हणून. कुलूप लावून टिकली अशी उदाहरणं फार थोडी. आणि या म्हणण्याला मॉन्टे कॅसिनोइतका भक्कम साक्षीदार मला दुसरा माहीत नाही.

इटलीत रोम आणि नेपल्सच्या साधारण मध्यावर कॅसिनो गाव आहे, आणि गावाच्या डोक्यावर पाचशे मीटरहून उंच डोंगर. इ.स. 529च्या सुमारास बेनेडिक्ट नावाचा ख्रिस्ती साधू तिथं आला. वर अपोलोचं जुनं देऊळ होतं, ते मोडून त्यानं मठ उभारला आणि तिथंच मठवासीयांसाठी 73 प्रकरणांची नियमावली लिहिली. बेनेडिक्टाइन पंथ चालतो तो याच नियमावलीवर. तिच्यात उपदेश आहेच, पण मला तिच्यातलं कोठीघर जास्त आवडतं. माणशी रोज एक पौंड भाकरी, दोन शिजवलेले पदार्थ, आणि एक हेमिना वाइन, म्हणजे अंदाजे पाव लिटर. तो म्हणतो, साधूंनी वाइन मुळीच घेऊ नये असं आपण वाचतो खरं, पण हल्लीच्या साधूंना ते पटवणं शक्य नाही, तेव्हा निदान पोटभर तरी पिऊ नये! सहाव्या शतकातही ‘हल्लीचे साधू’ होतेच, बरं का. जेवताना एकानं वाचायचं, बाकीच्यांनी गप्प जेवायचं. काही हवं असेल तर खुणेनं मागायचं. ईस्टरआधीच्या उपवासकाळात प्रत्येकाला एक पुस्तक मिळणार, ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचं. वाचनाच्या वेळी कोणी चकाट्या पिटत नाही ना, हे बघायला ज्येष्ठ साधू फेरी मारणार. आपल्या ग्रंथपाल बाई हसताहेत. त्यांना हे कलम आपल्याकडे लागू झालेलं चालेल!

आता मुद्द्यावर येतो. बेनेडिक्ट गेल्यावर काही दशकांतच, सहाव्या शतकाच्या अखेरीकडे, उत्तरेकडून इटलीत घुसलेल्या लोंबार्ड लोकांनी मठ लुटला. साधू रात्री पळाले, रोमला गेले. पळताना काय घेतलं? याच मठात राहून लोंबार्डांचा इतिहास लिहिणारा पॉल नावाचा साधू आठव्या शतकात नोंदवतो : नियमावलीची मूळ पोथी, आणखी काही लिखाण, भाकरीचं वजन आणि वाइनचं माप. मला हे वाक्य वाचताना दर वेळी भरून येतं. जीव घेऊन पळणारी माणसं वजनमाप बरोबर घेतात! कारण पुढं जिथं जाऊ तिथं भाकरी त्याच वजनाची झाली पाहिजे.

मठ शंभरावर वर्षं ओस पडला. 718च्या सुमारास पेत्रोनाक्स नावाच्या गृहस्थानं तो पुन्हा उभा केला, आणि पोप झकारिया यांनी ती मूळ पोथी परत पाठवली. 883मध्ये अरब टोळ्यांनी मठ जाळला, मठाधिपती बर्थारियस मारला गेला. साधू पोथी घेऊन तेआनो गावी गेले. तिथं 896मध्ये आग लागली आणि बेनेडिक्टची म्हणून जपलेली ती पोथी जळून गेली. लोंबार्डांच्या हातून वाचली, अरबांच्या हातून वाचली, आणि सुरक्षित म्हणून नेलं त्या ठिकाणी गेली.

पण त्याच्या शंभरेक वर्षं आधी, 787मध्ये, फ्रँक लोकांचा राजा, पुढं सम्राट झालेला शार्लमेन मॉन्टे कॅसिनोला येऊन गेला होता. त्यानं नियमावलीची शुद्ध नक्कल मागवली. मठाधिपती थिओडेमारनं मूळ पोथीवरून ती उतरवून पाठवली. पुढं 817च्या आसपास जर्मनीतल्या राइखेनाऊच्या मठातले ग्रिमाल्ट आणि टाट्टो हे दोन साधू त्या नक्कलेवरून नक्कल करायला बसले. त्यांनी आपल्या ग्रंथपालाला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. बेनेडिक्टची लॅटिन बोलीभाषेकडे झुकणारी होती, व्याकरणात न बसणारी. यांनी ती सुधारली नाही. एक अक्षर गाळलं नाही, आणि पंडितांनी ‘दुरुस्त’ केलेले पाठ समासात खुणेसह वेगळे लिहिले. मंडळी, पाठचिकित्सा म्हणतात ती हीच! त्यांच्या पाठाचं नवव्या शतकातलं हस्तलिखित आज स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलनच्या मठग्रंथालयात आहे, क्रमांक 914. बेनेडिक्टच्या शब्दांच्या सर्वांत जवळ आपण पोचतो ते त्यातून.

इथं मला माझं एक दुखणं सांगू द्या. एका संस्थेत (नाव घेत नाही) मोडीतल्या जमाखर्चाच्या वह्यांचं एक बाड होतं. एका बाजारपेठेचा हिशेब : मीठ, सुपारी, बैलांचं भाडं, कोणाला किती उधारी. मी विनंती केली, मला फक्त फोटो काढू द्या, बाड जागेवरून हलवणार नाही. उत्तर आलं, मूळ आमच्याकडे सुरक्षित आहे, फोटो बाहेर गेले तर त्याचं महत्त्व काय राहिलं? मी अर्ज केले, ओळखी काढल्या, कार्यकारिणीपुढं जाऊन हात जोडले. पुढच्या एका पावसाळ्यात कपाटामागची भिंत पाझरली. मला ते बाड दाखवलं तेव्हा त्याची वीट झाली होती. पान सोडवायला गेलं की शाईसकट चिखल हाताला यायचा. कडेला एकाच पानावर ‘सुपारी’ एवढं वाचता आलं. त्या माणसांचा हेतू वाईट नव्हता, हे मी मान्य करतो. पण राग गेलेला नाही आणि जाऊही नये.

हे आपल्याकडेच होतं असं मात्र समजू नका. चौदाव्या शतकात इटालियन लेखक बोकाचो मॉन्टे कॅसिनोचं ग्रंथालय बघायला गेला. ही हकिगत बेनवेनुतो या, महाकवी दान्तेच्या भाष्यकारानं लिहून ठेवली आहे. बोकाचोनं अदबीनं विचारलं, ग्रंथालय उघडून द्याल का? साधू जिन्याकडे बोट दाखवून म्हणाला, जा वर, उघडंच आहे. वर दारच नव्हतं. खिडक्यांत गवत उगवलेलं, ग्रंथांवर धुळीचे थर, कुठं समास कापलेले, कुठं पानं फाडलेली. विचारलं तर कळलं की साधू चार पैशांसाठी पानं खरवडून पोरांना स्तोत्रांच्या पुस्तिका करून विकतात आणि समासांचे ताईत बायकांना. बोकाचो रडत खाली उतरला. काही अभ्यासक म्हणतात यात तिखटमीठ आहे. असेलही. पण ज्या मठानं युरोपला नक्कल करायला शिकवलं, त्याच्याबद्दल असं सांगावं लागलं, याचं वाईट वाटतंच.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं राहिली. मग भरभर.

मार्च 960. मठाच्या जमिनीचा दावा कापुआ शहराच्या न्यायाधीशापुढं चालला. साक्षीदारांनी शपथेवर सांगितलं की या हद्दीतल्या जमिनी तीस वर्षं सेंट बेनेडिक्टच्या ताब्यात होत्या. वहिवाटीचा दावा, दुसरं काय! निकाल लॅटिनमध्ये, पण साक्ष बोलली तशीच उतरवली, आणि इटालियन बोलीतला सर्वांत जुन्या लेखांपैकी एक आपल्याला मिळाला.

अकराव्या शतकात मठाधिपती देसिदेरियस. 1071मध्ये नवं भव्य चर्च, कॉन्स्टँटिनोपलहून आणलेले कारागीर, आणि लेखनिकांची फौज. रोमन इतिहासकार टॅसिटसच्या ‘अ‍ॅनल्स’चा उत्तरार्ध आणि ‘हिस्टरीज’ आज आपल्या हाती आहेत ते या मठात त्या शतकात झालेल्या एकाच नक्कलेमुळं. नीरोच्या काळातल्या रोमच्या आगीचं टॅसिटसनं केलेलं वर्णन त्यातलंच.

1349मध्ये भूकंपानं मठ पडला, पुन्हा बांधला. 1866मध्ये इटलीच्या सरकारनं मठ खालसा केले. हा राष्ट्रीय वास्तू म्हणून राहिला आणि साधू राखणदार म्हणून.

1943च्या शरदात दुसऱ्या महायुद्धाची आघाडी जवळ आली. श्लेगेल आणि बेकर या दोन जर्मन अधिकाऱ्यांनी वृद्ध मठाधिपती दियामारे यांची समजूत घालून हस्तलिखितं, ग्रंथ, चित्रं खोक्यांत भरून ट्रकांनी हलवली. काही खोकी वाटेत भलतीकडे वळली, पण ग्रंथालय बहुतांशी रोमला सुखरूप पोचलं. 15 फेब्रुवारी 1944 रोजी दोस्त राष्ट्रांच्या दोनशेहून अधिक विमानांनी मठ भुईसपाट केला. आत जर्मन सैन्य नव्हतं, आसरा घेतलेले गावकरी होते. बाँबफेकीची मागणी आपल्या चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या सेनापतीची, मेजर जनरल टकर यांची. मठाच्या भिंती किती जाड हे त्यांना नेपल्सच्या दुकानातून जुनं पुस्तक मिळवून कळलं. डोंगर चढणारे सैनिक राजपुताना रायफल्सचे आणि गुरखा पलटणींचे. किती जण वरच कामी आले! कॅसिनोच्या स्मारकावर आपल्या माणगावच्या नाईक यशवंत घाडगे यांचंही नाव आहे. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो पुढं जुलैमधल्या, टायबर खोऱ्यातल्या लढाईसाठी.

मठ जसाच्या तसा पुन्हा बांधला आणि ऑक्टोबर 1964मध्ये पोप सहावे पॉल यांनी त्याचं अभिमंत्रण केलं. बांधकामावर बोलायचं होतं, ते राहिलं.

शेवटचं. सेंट गॅलनचं 914 क्रमांकाचं हस्तलिखित पानन् पान इंटरनेटवर फुकट बघता येतं, घरी जाऊन बघा. आणि ज्यांच्या माळ्यावर मोडीचे कागद, वह्या, पोथ्या असतील त्यांनी या रविवारी सकाळी इथं आणा. कागद तुमच्याच हातात राहतील, आम्ही तुमच्यासमोर फोटो काढू आणि एक प्रत तुम्हाला देऊ. टेबल मागच्या खोलीत लावलंय.