लग्न टिकलं म्हणजे सुखाचं झालं का?

नमस्कार! असं समजा, जोडीदाराला मेसेज पाठवलाय. निळ्या टिका दिसतायत, म्हणजे वाचलाय. उत्तर मात्र नाही. दोन तास झाले. एक जण म्हणतो, 'असेल कामात', आणि विसरतो. दुसरा तेवढ्यात कालच्या बोलण्यापासून गेल्या वर्षीच्या भांडणापर्यंत जाऊन येतो. दार उघडलं की पहिला प्रश्न, 'एवढं काय चाललं होतं?'

या दुसऱ्या स्वभावाला मानसशास्त्रात न्यूरॉटिसिझम म्हणतात. आजार नाही हं हा. मन लवकर धास्तावतं, लवकर दुखावतं, सावरायला वेळ लागतो, इतकंच. संसारातल्या नाराजीशी ज्याचा संबंध अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलाय, तो हाच गुण.

यातला सगळ्यात चिवट अभ्यास अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ लोवेल केली यांचा. १९३०च्या दशकात त्यांनी लग्न ठरलेली ३०० जोडपी घेतली. कोणाचा स्वभाव कसा, हे विचारलं प्रत्येकाच्या पाच ओळखीच्यांना. बरोबरच केलं, लग्न ठरलेल्या माणसाला विचाराल तर तो जोडीदाराला शंभरपैकी दोनशे मार्क देईल! मग थेट १९८०-८१पर्यंत पाठपुरावा. २२ लग्नं ठरूनही झाली नाहीत. झाली २७८, त्यातली ५० मोडली.

१९८७मध्ये केली आणि जेम्स कॉन्ली यांनी जे छापलं, त्यातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. दोघांपैकी कोणीही धास्तावणारं असलं की कुरबुर वाढायची. पण ती घटस्फोटापर्यंत जाणार का, हे बरंचसं नवऱ्याच्या स्वभावावर होतं. त्याचा स्वतःच्या आवेगांवर ताबा नसेल, तर लग्न मोडण्याकडे कल. ताबा असेल, तर लग्न टिकायचं, पण नाखुशीतच. वर्षानुवर्षं! अर्थात हे त्या पिढीतले अमेरिकन नवरे. आजच्या घराला जसंच्या तसं लावू नका.

मग स्वभाव जुळणारं माणूस शोधायचं का? २०१०च्या एका अभ्यासात ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि जर्मनीतली ११ हजारांहून जास्त जोडपी होती. स्वभाव सारखे असण्याने समाधानात जवळजवळ काहीच फरक दिसला नाही. जोडीदाराच्या स्वभावाने थोडा पडला. सर्वांत जास्त संबंध निघाला तो ज्याच्या-त्याच्या स्वतःच्या स्वभावाशी. म्हणजे त्या निळ्या टिकांच्या गोष्टीत आपण उत्तर न देणाऱ्यावर चिडतो खरे, पण आकडे बघतायत फोन हातात धरून बसलेल्याकडे.